हिवाळ्यात पहिली-दुसरीच्या मुलांच्या बोटांना काय काम द्यावे?

पाटीवरची_रेघ (२८ नोव्हेंबर)

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरीचा एकत्र वर्ग घेते. पटावर २६ मुले आहेत. हा धागा काढण्याचे कारण मागच्या हिवाळ्यात घडले. 'हिवाळा' या विषयावर मुलांकडून काहीतरी हातांनी करून घ्यावे आणि त्याची छायाचित्रे गटावर टाकावीत, अशी वरून सूचना आली. मी इंटरनेटवर पाहिले, तर जिकडे तिकडे कापसाचा हिममानव. मग निळे कार्डशीट आणले, घरी बसून सव्वीस वर्तुळे कापली, मुलांना कापसाचे बोळे दिले आणि डिंकाने चिकटवायला लावले. सकाळच्या गारठ्यात डिंक बोटांना जास्त आणि कागदाला कमी चिकटला. शेवटी निम्म्याहून अधिक हिममानव मी मधल्या सुट्टीत स्वतःच पूर्ण केले. छायाचित्रे उत्तम आली. एका मुलाने मात्र तो कागद उलटसुलट करून मला विचारले, "बाई, ह्या म्हाताऱ्याला पाय का न्हाईत?" त्याने बर्फ कधी पाहिलेला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही पाहिलेला नाही.

आमची खरी अडचण वेगळी आहे. पहिलीतील सात-आठ मुले अजूनही पेन्सिल मुठीत धरतात. 'ळ' काढताना त्यांचा सगळा हात खांद्यापासून हलतो आणि पाटीवर दोन गाठोडी उमटतात. थंडीच्या दिवसांत तर पहिला तासभर बोटे ऐकतच नाहीत. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाल्यापासून वाचन-लेखनाच्या अपेक्षा इयत्तावार ठरलेल्या आहेत. त्याविषयी माझी तक्रार नाही, पण लिहिण्याआधी हात तयार व्हायला हवा, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडच्या हिवाळ्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून, फारसा खर्च न करता आणि एका शिक्षिकेला सांभाळता येईल अशा रीतीने बोटांना कोणते काम देता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

हातउपचार (२८ नोव्हेंबर)

मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लहान मुलांबरोबर काम करते. ताई, तुम्ही 'बोटे ऐकत नाहीत' असे म्हटले आहे, ते शब्दशः खरे आहे. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे बोटे गार पडतात, सांधे ताठरतात, त्वचेची जाण मंदावते आणि मूल नेहमीपेक्षा जास्त जोर लावून पेन्सिल आवळू लागते. म्हणून हिवाळ्यात परिपाठ संपल्यावर लगेच लेखन घेऊ नये. पाच-सात मिनिटे तळहात एकमेकांवर घासणे, टाळ्या वाजवणे, कोमट पाण्यात भिजवलेला फडका दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना पिळणे, किंवा कोमट पाण्यात भिजवलेला कणकेचा गोळा मळणे, एवढे केले तरी फरक दिसतो.

दुसरे असे की सहा वर्षांच्या मुलाचे मनगट हे मोठ्या माणसाच्या मनगटाची छोटी प्रतिकृती नसते. मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेची असतात आणि एकेक करून कठीण होत जातात. त्यांतले शेवटचे हाड कठीण व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. त्यामुळे पहिलीतील मुलाकडून दोन पाने सलग गिरवून घेण्यापेक्षा हाताला वेगवेगळ्या दिशांनी काम देणे अधिक उपयोगाचे ठरते. आधी खांदा आणि मनगट स्थिर होते, मग बोटे मोकळी होतात. यासाठी उभ्या पृष्ठभागासारखे साधन नाही. फळ्यावर किंवा भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला काम करताना मनगट आपोआप मागे झुकते, आणि पेन्सिल धरण्यासाठी मनगटाची नेमकी हीच ठेवण लागते.

मुठीत धरणाऱ्यांसाठी एक फुकटचा उपाय सांगते. त्यांना अख्खा खडू देऊ नका, अर्ध्या इंचाचा तुकडा द्या. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही, तो अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो.

गोदाकाठ (२९ नोव्हेंबर)

मी निफाड तालुक्यातील शिक्षक आहे. आमच्याकडे पारा काही वर्षी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थंडीविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आहे असे समजतो.

माझा अनुभव असा की हिवाळ्यातला बोटांचा सर्वांत चांगला व्यायाम रोज सकाळी मुलांच्या अंगावरच येतो आणि आपण तो त्यांच्याकडून हिरावून घेतो. परिपाठाला सगळी मुले स्वेटर, कानटोपी, मफलर घालून उभी असतात. दहा-साडेदहाला ऊन चढले की सगळ्यांना एकदम उकडते आणि पोरे रांगेने समोर येतात, "सर, चेन अडकली", "सर, गुंडी". पूर्वी मी झपाझपा सगळ्यांच्या गुंड्या काढून मोकळा होत असे, कारण पुढे गणिताचा तास असे. तीन वर्षांपूर्वी ते बंद केले. आता 'स्वेटरची घंटा' नावाची दहा मिनिटे ठेवली आहेत.

यात पाहण्यासारखे पुष्कळ असते. गुंडी काढणे सोपे आहे, पण लावणे अवघड. लावताना एका हाताने गुंडी कडेवर उभी करून काजात अर्धी ढकलायची असते आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताच्या चिमटीने ती पलीकडून पकडून ओढायची असते. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळे काम करतात, आणि मुलाला त्या वेळी काज नीट दिसतही नाही. म्हणून मी सुरुवात खालच्या गुंडीपासून करायला सांगतो. ती दिसते, आणि वरपर्यंत गेल्यावर एक काज उरण्याचा घोटाळाही होत नाही. चेनच्या बाबतीत खालचे टोक खोबणीत बसवणे हेच खरे कौशल्य आहे, वर ओढणे कोणालाही जमते. मुलाला खालचे टोक बसवून देऊन वर ओढायला लावले, तर अवघड भाग आपण केला आणि सोपा त्याला दिला, असे होते. स्वेटर काढल्यावर बाह्या आत घेऊन घडी घालायची आणि दप्तरात ठेवायची. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे लागतात. धीर धरावा.

शहरी_बाई (२९ नोव्हेंबर)

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत, परंतु सगळ्या शाळा नाशिक-निफाडच्या नसतात, हे नम्रपणे नोंदवते. मी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनियर केजीला शिकवते. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकावर ठेवणे. स्वेटर कोणी घालत नाही, आणि डिसेंबरात हिममानव केला नाही तर पालकच विचारतात. त्यामुळे हिममानवाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. मुले तो कार्टूनमध्ये रोज पाहतात. त्यांच्या दृष्टीने तो डायनासोरइतकाच ओळखीचा आहे, आणि डायनासोरही आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही.

दोष हिममानवाचा नाही, तयारी आपण करून ठेवतो त्याचा आहे. वर्तुळे ताईंनी कापली, बोळे तयार आणले, मग मुलांच्या बोटांना उरले काय? मी कापूस गुंडाळीतूनच देते. मुलांनी तो चिमटीने ओढून तंतू सुटे करायचे, दोन बोटांत फिरवून गोळी करायची आणि कपड्यांच्या चिमट्याने उचलून बरणीत टाकायची. चिमटा दाबून धरून ठेवायला अंगठ्याचा आणि तर्जनीचा चांगला जोर लागतो. वर्तुळ कापण्याऐवजी कागद फाडायला सांगते. दोन्ही हातांची बोटे जवळजवळ धरून थोडे थोडे फाडत गेले की कड वाकडीतिकडी होते आणि बर्फाला तीच शोभते. हिममानव दिसायला बेढब होतो, पण तो मुलाचा असतो. पालकांना पहिल्या वर्षी धक्का बसला, आता सवय झाली आहे.

सहजच_आजी (३० नोव्हेंबर)

मी बालवाडी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघींच्या कामाचा उल्लेख रोज होत असे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी आणि अनुताईंनी पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांतूनच साधने उभी केली. त्यामुळे 'साधन कुठून आणायचे' हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. साधन बाजाराच्या पाटीत असे.

हिवाळ्यात ही पाटी भरलेली असते. मटार घ्या. शेंग कशी उकलायची हे मुलाला तोंडाने सांगून कळत नाही, त्याच्याशेजारी बसून सावकाश दाखवावे लागते. शेंगेचे टोक अंगठ्याने दाबले की शिवण 'टच्' असा आवाज करून सुटते. मग अंगठ्याचे पेर त्या फटीत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे, म्हणजे दाणे एकामागोमाग वाटीत पडतात. पहिल्या दिवशी मुले शेंग पिळतात, मधोमध मोडतात किंवा दाताने फाडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगठ्याला शिवण सापडते. ती सापडल्यावर मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मेथी निवडणे त्याहून नाजूक आहे, कारण पान खुडताना काडी हातात यायला नको. वालपापडीचे टोक मोडून त्याच्याबरोबर शीर अलगद ओढायची, मध्येच तुटली तर दुसऱ्या टोकाकडून पुन्हा सुरुवात करायची. ओला हरभरा आला की घाटे सोलायचे. मात्र एक लक्षात ठेवावे. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, आणि थंडीने उललेल्या बोटांना ती चांगलीच झोंबते. ज्या मुलांची बोटे फुटली आहेत त्यांना त्या दिवशी मटार द्यावा, हरभरा देऊ नये. भोगीच्या भाजीला यातले बहुतेक सगळे लागते, त्यामुळे मुलांना आपण कशासाठी सोलतो आहोत हे समजावून सांगावे लागत नाही.

पाटीवरची_रेघ (३० नोव्हेंबर)

आजी, सर, दोन्ही ताई, मनापासून आभार. स्वेटरची घंटा सोमवारपासूनच सुरू करते. आजी, 'टच्' आवाजाचे वाचून मीच स्वयंपाकघरात जाऊन दोन शेंगा उकलून पाहिल्या. इतकी वर्षे सोलते आहे, पण अंगठा नेमके काय करतो याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

एक शंका विचारते. मुलांकडून भाजी निवडून घेतली तर 'शाळेत पोरांना कामाला लावतात' अशी तक्रार येण्याचा संभव वाटतो. कोणाला असा अनुभव आहे का?

पऱ्हाटी (१ डिसेंबर)

ताई, तुमच्या शंकेविषयी मला लिहिलेच पाहिजे, कारण मी यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे आणि आमच्याकडे हिवाळा म्हणजे कापसाची वेचणी. या हंगामात वर्गातली काही मुले गैरहजर असतात. मोठी भावंडे शेतात जातात, किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. त्यामुळे 'कापूस' या वस्तूकडे मी फक्त हस्तकौशल्याचे साधन म्हणून पाहू शकत नाही. तरीही तो वर्गात आणतो, आणि का आणतो ते सांगतो.

शहरातल्या ताईंनी गुंडाळीतला कापूस सांगितला. आमच्याकडे मी फुटलेले बोंडच देतो. बोंडाची वाळलेली टोके टोचतात, म्हणून कापूस घाईने ओरबाडता येत नाही. तीन बोटे आत घालून अलगद उचलावा लागतो. मग त्यातून एकेक सरकी वेगळी करायची. रुईचे तंतू सरकीला घट्ट धरून असतात. एका चिमटीत सरकी आणि दुसऱ्या चिमटीत तंतू धरून दोन्हीकडे ओढावे लागते. पहिलीतल्या मुलाला एक सरकी मोकळी करायला मिनिटभरही लागते. उरलेल्या रुईच्या आम्ही वाती वळतो. तळहातावर तंतू पसरायचे, दुसऱ्या तळहाताने एकाच दिशेने फिरवायचे. दिशा मध्येच बदलली की वात उकलते. हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते आणि ते पुन्हा सांगावे लागत नाही.

तक्रारीचे म्हणाल तर मी स्वतःपुरती एक मर्यादा आखून घेतली आहे. प्रत्येक मुलाला दोनच बोंडे, वेळ पंधरा मिनिटे, आणि किती झाले याची मोजणी नाही. ज्या क्षणी आपण 'कोणी जास्त केले' असे विचारतो, त्या क्षणी ते काम होते. शेतात मजुरी किलोवर मिळते, हे आमच्या मुलांना माहीत असते. वर्गात वजनकाटा येता कामा नये. तुम्हीही मटार सोलताना शर्यत लावू नका. शिवाय सोललेले दाणे शाळेच्या स्वयंपाकासाठी मुलांकडून करून घेतलेली मदत न ठरता मुलांनीच त्या दिवशी खाल्ले, तर कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. आधी पालकसभेत दोन शेंगा पालकांच्याच हातात दिल्या तर फारच चांगले.

मांडवीकाठ (३ डिसेंबर)

गोव्याहून नमस्कार. धाग्यात भोगीचे आले, नाताळाचे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालते. आमच्याकडे नाताळाच्या फराळात कुलकुल असतात, आणि बोटांच्या व्यायामासाठी त्यांच्याइतकी चांगली कृती मला माहीत नाही. मळलेल्या पिठाची वालाच्या दाण्याएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या स्वच्छ फणीवर ठेवायची, अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका कडेने अलगद गुंडाळत आणायची, म्हणजे रेघांचा लहानसा शिंपला तयार होतो. जोर जास्त झाला तर पीठ फटींत अडकते, कमी झाला तर रेघा उमटत नाहीत. किती दाबायचे ते अंगठ्यालाच ठरवावे लागते.

घरी हे तळतात. वर्गात आम्ही ते मातीचे किंवा मीठ घातलेल्या कणकेचे करतो आणि सुकवून त्यांची रांग लावतो. करंजीची मुरडही अशीच शिकवण्यासारखी आहे, पण ती सात वर्षांखालील मुलांना फारशी साधत नाही, निदान माझ्या वर्गात साधली नाही. माझ्या वर्गात दोन्ही धर्मांची मुले आहेत. कुलकुल करताना कोणाच्या घरचा सण आहे याची चौकशी होत नाही. सगळ्यांना फणी कोणाच्या वाट्याला येते याचीच चिंता असते.

शहरी_बाई (३ डिसेंबर)

मांडवीकाठ ताई, फणीची कल्पना उद्याच वापरते. माझी मुले पाच वर्षांची आहेत, तेव्हा गोळी थोडी मोठी देईन.

हातउपचार (४ डिसेंबर)

वयाचा विषय निघालाच आहे, तर सावधगिरीच्या काही गोष्टी लिहून ठेवते. त्या नीरस आहेत, पण वगळता येण्यासारख्या नाहीत. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती मटार, शेंगदाणे, सरकी, हलवा अशा बारीक आणि टणक वस्तू देऊ नयेत. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे, आणि मटाराचा दाणा नाकात घातलेली मुले डॉक्टरांकडे नेहमी येतात. पहिली-दुसरीतही दाणे मोकळ्या जमिनीवर न पसरता ताटलीत ठेवावेत आणि तोंडात काही असताना पळू देऊ नये. कोणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी आहे का, हे आधी घरी विचारावे.

संक्रांतीला तिळाचे लाडू वळवून घ्यायचे असल्यास गुळाचा पाक वर्गात करू नये. पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो. भाजलेल्या तिळाचे कूट आणि मऊ गूळ एकत्र मळूनही लाडू वळता येतात. वळताना तळहाताची खोलगट ओंजळ तयार होते, आणि ही खोली लेखनासाठी महत्त्वाची असते. मुठीत पेन्सिल धरणाऱ्या मुलांच्या तळहाताला बहुधा हा खोलगटपणा आलेला नसतो.

शेवटचे डावखुऱ्या मुलांविषयी. दहातील एखादे मूल डावखुरे असते, म्हणजे ताई, तुमच्या वर्गात दोन-तीन असतील. नेहमीच्या कात्रीची पाती अशी बसवलेली असतात की डाव्या हातात धरल्यावर कापायची रेघ पात्याखाली झाकली जाते. असे मूल 'कापायला जमत नाही' म्हणून मागे पडते. त्याला डावखुरी कात्री मिळाली नाही, तर कापण्याऐवजी फाडण्याचे काम द्यावे.

बर्फाळगाव (६ डिसेंबर)

मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते आणि रविवारच्या मराठी शाळेत लहान गटाला शिकवते. आमच्याकडे बर्फ खरा आणि हिममानवही खरा, पण निफाडच्या सरांचे वाचून हसू आले, कारण येथेही बोटांचा खरा व्यायाम कपड्यांचाच असतो. खेळायला बाहेर जाण्याआधी बर्फाची विजार, बूट, जाकीट, टोपी आणि शेवटी हातमोजे, हा क्रम येथील शाळांत वर्गाच्या भिंतीवर चित्रांनी लावलेला असतो. क्रम चुकला आणि हातमोजे आधी घातले, तर जाकिटाची चेन लागत नाही. मुले हे दोन दिवसांत शिकतात. शिक्षक मदत करतात, पण हात मागे बांधून उभे राहण्याची त्यांची चिकाटी मला मोठी वाटते.

आमच्या मराठी वर्गात मी कागदी हिमकण करून घेते. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत जुळतात, म्हणून हिमकणाला सहा भुजा असतात. बाजारात मिळणारे पुष्कळसे कागदी हिमकण आठ भुजांचे असतात, कारण चौकोनी कागद अर्ध्याचा अर्धा करत गेले की आठच होतात. सहा हवे असतील, तर गोल कागद एकदा अर्धा दुमडून त्या अर्ध्या वर्तुळाच्या तीन सारख्या घड्या घालाव्या लागतात. तीन सारखे भाग डोळ्यांनी अंदाजायला सात वर्षांच्या मुलांना फार आवडते, आणि बहुतेक वेळा ते चुकते.

महाराष्ट्रात हा प्रकार करायचा झाला तर बर्फाचे नाव घेण्याचीही गरज नाही. सहा घड्यांचा तोच कागद संक्रांतीला पतंगाची नक्षी म्हणून खपेल.

गोदाकाठ (६ डिसेंबर)

पतंगाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. नाशिक भागात येवल्याचा पतंगोत्सव सर्वांना माहीत आहे आणि आमच्या मुलांना डिसेंबरपासूनच पतंगाचे वेध लागतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो मुलांच्या हाती सापडतो. त्यामुळे वर्गात मी दोराच ठेवत नाही. तळहाताएवढा पतंग, खराट्याचे दोन हीर आणि कणी बांधण्यापुरता वीतभर साधा शिवणाचा दोरा, एवढेच देतो. हीर वाकवून कागदाच्या दोन कोपऱ्यांत अडकवणे, तो निसटू नये म्हणून एका बोटाने दाबून ठेवत दुसऱ्या हाताने पट्टी चिकटवणे, हे दुसरीच्या मुलांनाच जमते. पहिलीच्या मुलांना मी शेपटी करायला देतो. कागदाच्या पट्ट्यांना एकामागून एक गाठी मारत जायचे. साधी गाठ मारता येणे हीच सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मोठी मजल असते.

पाटीवरची_रेघ (१७ जानेवारी)

संक्रांत झाली, म्हणून हिशेब द्यायला परत आले आहे.

स्वेटरची घंटा चालली. पहिल्या आठवड्यात गणिताचा तास रोज बुडाला आणि मी दोनदा हा नाद सोडून द्यायचे ठरवले. आता २६ पैकी पाच मुले मदत मागतात, आणि ती माझ्याकडे न येता दुसरीतल्या एका मुलीकडे जातात, कारण तिला अडकलेली चेन सोडवण्याची युक्ती माहीत आहे. चेनमध्ये अडकलेले कापड बाजूला न ओढता चेन आधी थोडी मागे घ्यायची. ही युक्ती तिने मलाही शिकवली.

मटार दोन किलो आणले होते. पऱ्हाटी सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी पालकांच्या हाती शेंगा दिल्या. एका आजोबांनी शेंग उकलण्याची स्वतःची पद्धत दाखवली आणि त्यावर दोन आयांनी त्यांच्याशी वादही घातला. तक्रार कोणाचीच आली नाही. शर्यत लावली नाही, तरी मुलांनी आपापसांत लावलीच, त्याला माझा इलाज नव्हता. दोन किलो शेंगांतून किलोभर दाणे निघायला हवेत असा माझा अंदाज होता. वाटीत त्याहून बरेच कमी आले आणि बाकीचे कुठे गेले हे मी विचारले नाही. टरफले एका मुलाने शेळीसाठी घरी नेली.

छायाचित्रांची मागणी याही वर्षी आली. मी टरफलांच्या ढिगाचे आणि वाटीत बोटे घातलेल्या हातांचे छायाचित्र पाठवले. त्यावर 'उपक्रमाचे नाव लिहावे' एवढाच शेरा आला.

कापसाचे काम करता आले नाही, पण घरी पडलेली जुनी लोकर पाण्यात भिजवून पाटीवर अक्षरांच्या आकारात बसवायला दिली. ओली लोकर पाटीला धरून राहते आणि चुकली की सहज उचलता येते. 'ळ' चे दोन्ही पोटे लोकरीने वळवल्यावर त्यावर बोट फिरवायचे आणि मग शेजारी खडूने काढायचे, असा क्रम ठेवला. गाठोडी आता थोडी अक्षरांसारखी दिसतात.

एक अडचण उरली आहे. म्हाताऱ्याला पाय का नाहीत असे विचारणारा तो मुलगा खडूचा तुकडा आता अगदी नीट तीन बोटांत धरतो. पेन्सिल हाती आली की मात्र पुन्हा मूठ वळते. हातउपचार ताई, याला काय करावे?

हातउपचार (१७ जानेवारी)

पेन्सिल लांब आहे, म्हणून मुठीला जागा मिळते. एका पेन्सिलीचे तीन तुकडे करा, तिन्ही तासून द्या. महिनाभर त्याला त्याहून मोठी पेन्सिल देऊ नका, आणि तुकडा हरवला म्हणून रागावू नका, ते हरवणारच.

पाटीवरची_रेघ (१७ जानेवारी)

उद्याच करते. शाळेच्या कपाटात एक लहान करवत आहे. मात्र तुकडे एकट्या त्यालाच दिले, तर आपली पेन्सिल का मोडली म्हणून तो रुसेल. त्यामुळे सव्वीस जणांच्या पेन्सिली कापाव्या लागणार, असे दिसते.